सायराकानच्या फाटकाची कडी

आमच्या विभागाचं नाव एका दमात कोणाला म्हणता येत नाही. समाजकल्याण धोरण, पर्यटन आणि आतिथ्य व्यवस्थापन. तीन वेगळे विभाग चालवायला माणसं मिळेनात, म्हणून वर बसलेल्या कोणीतरी तिन्हींची मिळून एकच मोट बांधली. त्यामुळे कराकोल शहरातली आमची पोरं सकाळी माझ्याकडून शिकतात की विधवांना आणि म्हाताऱ्यांना सरकारने काय द्यायला हवं, आणि दुपारी जेनिशबेककडून शिकतात की परदेशी पाहुण्याच्या पुढ्यात काटा डावीकडे ठेवावा की उजवीकडे. पदवी मात्र एकच. मी या प्रकाराला कित्येक वर्षं नावं ठेवते आहे आणि तितकीच वर्षं तिथेच शिकवते आहे.

पण मला सांगायचं आहे ते सायराकानबद्दल. ती आमची विद्यार्थिनी नव्हे, विद्यार्थिनीची आई. डोंगराच्या पायथ्याला सारी-बुलाक गावात तिचं घर. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला लागली की आवाज घोगरा आणि फटकळ. गावात कोणी मेलं की पहिलं बोलावणं तिला जायचं, कारण कोशोक म्हणावा तर तिनेच. मेलेल्या माणसाला उद्देशून रडत गायचं ते गाणं. आमच्याकडे बायका ते म्हणत नाहीत तोवर मयताला मयतपण येत नाही.

"इमाम काय, येतो आणि उरकून जातो," ती म्हणायची. "मी गायले नाही तर मेलेल्याला कळतच नाही की तो मेलाय. बसतो तसाच घरात."

हे ती हसून म्हणायची, पण ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही. कारण साऱ्या गावाच्या मयताला रडलेल्या या बाईला स्वतःच्या नवऱ्यासाठी रडायची मनाई होती.

नवरा मायरामबेक वरच्या गल्लीतल्या एसेनबरोबर रशियात बांधकामावर गेला. पहिले दोन उन्हाळे फोन यायचे, मग बंद झाले. पुढच्या हिवाळ्यात एसेन एकटाच परत आला. म्हणाला, आमची फाटाफूट झाली, मायराम जास्त पगारासाठी आणखी उत्तरेला गेला. त्यानंतर काही नाही. ना फोन, ना निरोप, ना प्रेत. सायराकानने एकदा विषय काढला तेव्हा दीर तिच्या अंगावर धावून आले. "बातमी नाही तोवर रडायचं नाही. रडलीस तर समज, तूच मारलंस त्याला."

तिची मुलगी नूरझादा आमच्याकडे शिकायला आली, तेव्हा माझ्या पहिल्याच तासाला तिने हात वर केला. शिकवणाऱ्या बाईंना आमच्याकडे एजेके म्हणतात. "एजेके, जो माणूस मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, त्याच्या घरच्यांना काय मिळतं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. माझा विषय असा आहे की त्यात खोटं बोलायची सोय नाही.

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली.

घरं पाहुण्यांना भाड्याने द्यायची तर ती नीटनेटकी आहेत का, हे बघायला आम्ही मास्तर लोक गावोगाव फिरतो. त्या निमित्ताने मी पहिल्यांदा सायराकानकडे गेले. दिवेलागणीची वेळ होती. ती कढईत बोर्सोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळत होती. दर गुरुवारी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने तेल तापवायचं, ही आमची रीत. मेलेले वासावर जगतात म्हणतात. ती एकेक तुकडा सोडताना नावं घेत होती. सासऱ्याचं, सासूचं, तान्हेपणी गेलेल्या एका पोराचं. नवऱ्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर तो मेलेल्यांत गेला असता.

तेवढ्यात फाटकाची लोखंडी कडी वाजली. कोणीतरी ती उचलली, जराशी धरून ठेवली आणि सोडून दिली. खण्ण असा आवाज झाला. सायराकानने मान वर केली नाही. तिने एक प्याला घेतला, निम्मा चहा ओतला आणि दारासमोरच्या मानाच्या जागेवर, तोरवर, नेऊन ठेवला.

"कोण आलं?" मी विचारलं.

"रोज येतो."

"कोण?"

"ते तो सांगत नाही."

मी विज्ञान मानणारी बाई, ताडकन उठले आणि फाटकापर्यंत गेले. बाहेर रस्ता रिकामा. नाला, नाल्याकाठची झाडं, पलीकडे गवताचे भारे. फाटकापाशी त्यांचा कुत्रा उभा होता आणि भुंकायचं सोडून शेपूट हलवत होता. मी आत येऊन सांगितलं तशी सायराकान म्हणाली, "कुत्रं घरच्या माणसालाच शेपूट हलवतं, एजेके. बसा, चहा निवतोय."

नूरझादाने तोरवरचा प्याला जरा आत सरकवला, कोणाचा धक्का लागू नये म्हणून.

त्या घराला गडीमाणसाची मदत होती ती एसेनची. तो कोळसा आणून टाकायचा, गवत कापून द्यायचा, चुलीचं धुराडं दुरुस्त करायचा. पण फाटकाच्या आत पाऊल ठेवायचा तो कामापुरतं. चहाला ये म्हटलं की "हात खराब आहेत" म्हणून पळायचा. गावातल्या बायका त्यावरून सायराकानला चिडवायच्या. "अगं, बायको माहेरी गेलेला माणूस फुकट गवत कापतो होय? प्याला भरून दे एकदा, बघ कसा बसतो ते." सायराकान त्यांना अशी काही शिवी हासडायची की त्या रुमाल तोंडाला लावून पळायच्या.

पदवीच्या शेवटी आमच्याकडे एक प्रात्यक्षिक परीक्षा असते. विद्यार्थ्याने आपल्या घरी खरेखुरे पाहुणे बोलवायचे, त्यांना जेवू घालायचं आणि वर्गात दुसऱ्या कोणी दाखवला नसेल असा एखादा कार्यक्रम दाखवायचा. नूरझादाची पाळी शेवटी आली. तोवर लोकरीचा नमदा बनवून झाला होता, शेवया लाटून झाल्या होत्या, एकाने तर मामाचा गरुडही आणून दाखवला होता. जेनिशबेक आमचा विभागप्रमुख. चांगला माणूस आहे, पण परदेशी पाहुणा दिसला की त्याच्या डोक्यात हवा जाते. "काहीतरी अस्सल पाहिजे, नूरझादा," तो म्हणाला. "काळजाला हात घालणारं."

"माझी आई कोशोक गाते," ती हळूच म्हणाली.

जेनिशबेकने टाळीच वाजवली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मयत नसताना कोशोक? जेनिशबेक, डोकं ठिकाणावर आहे का?"

"एजेके, ती कला आहे."

"कला? तुझ्या घरात बस आणि तुझ्या बायकोला म्हणायला लाव ती कला."

तो हसला. माझ्या विषयाला गुण कमी असतात, त्यामुळे माझ्या रागालाही तेवढंच वजन.

मला वाटलं, सायराकानच पोरीला झोडपून काढेल. झारा तिने फेकून मारला होताच, म्हणे. पण नूरझादाने सरळ सांगितलं, "नापास झाले तर इथे काही नाही मला. मॉस्कोला जाईन. भांडी घासीन. वर्गातल्या दोघी गेल्यात." त्यावर सायराकान खाली बसली. एक माणूस त्या वाटेने गेलेला होता. दुसरं पाठवायची तिची ताकद नव्हती. पदवी मिळाली तर मुलगी घरात राहून पाहुण्यांची खोली चालवणार होती, आणि ती घरात राहावी यापलीकडे सायराकानला आता काही मागायचं नव्हतं.

"पण नाव कोणाचं घेऊ?" तिने विचारलं. "ज्याचं नाव घ्यायचं तो गेला म्हणून समज."

"नसलेल्याच माणसाचं घे, अपा. जुन्या काळचा कोणी बहाद्दर. नाहीतर नावच नको घेऊस."

असं ठरलं. ठरवताना दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या, असं नूरझादाने मला पुढे सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी दुपारी लखलखीत ऊन होतं. अंगणात नमद्याचा गोल तंबू उभारला होता. एक जर्मन जोडपं पाहुणे म्हणून आलं होतं, परीक्षक म्हणून मी आणि जेनिशबेक. नूरझादाने खरोखर नजर लागावी असं काम केलं. चहा ओतताना पाहुण्यांना समजावलं, "आम्ही प्याला निम्माच भरतो. म्हणजे तुम्ही पुन्हा मागावा, आम्ही पुन्हा ओतावा, आणि तुम्ही बसून राहावं. प्याला काठोकाठ भरून दिला, तर समजा, प्या आणि निघा." जर्मन बाई हसली आणि आपला निम्मा प्याला तिने सगळ्यांना दाखवला. जेनिशबेक माझ्याकडे बघून भुवया उडवत होता.

मग सायराकान आली. गडद निळं झंपर, डोक्याला काळा रुमाल. तंबूच्या एका बाजूला पडदा लावला होता. मयत असतं तेव्हा ते त्या पडद्यामागे ठेवतात. आज मागे काही नव्हतं, एक घडी केलेली रजई होती. ती पडद्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली, दोन्ही हात कमरेवर टेकवले. मग सुरू झालं.

*घोडा कोणाचा दारात थांबला, खोगीर ओलं,*
*ओलं खोगीर उतरवायला घरात कोण उरलं...*

तो आवाज बोलतानाचा घोगरा आवाज नव्हता. मी तो पूर्वी मयतांना ऐकला होता, पण तेव्हा रडणाऱ्या इतर बायका असायच्या, गर्दी असायची. इथे तो एकटा होता आणि तंबूतून बाहेर पडून गावावर पसरत चालला होता. नाव तिने घेतलं नव्हतं. खोगीर, चुलीतली राख, उंबरठ्यापाशी वाट बघून झिजलेली चप्पल, एवढंच. जर्मन माणसाने कॅमेरा खाली ठेवला. मी पडद्याकडे बघायचं टाळत होते, कारण मला खात्री वाटत होती की आता तिथे रजईपेक्षा जास्त काहीतरी आहे.

आणि मग रस्त्यावरून पहिला हंबरडा ऐकू आला.

नूरझादाने दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. वरच्या गल्लीला सांगायचं तिला सुचलं नव्हतं. आणि आमच्याकडे कोशोक कानावर पडला की हातातलं काम टाकून धावायचं असतं. कोण गेलं हे विचारायचं नसतं. पुरुषांनी फाटकापासून मोठ्याने रडत यायचं, "भावा रे! काका रे!", आणि नाव मागाहून कळून घ्यायचं. तसे ते आले. दोघे, मग चौघे, कमरेवर हात ठेवून, वाकून. कोणाच्या हातात अजून कुदळ होती.

"हेही कार्यक्रमात होतं का?" जेनिशबेक माझ्या कानात म्हणाला. तो खूश झाला होता. मी त्याला कोपराने असं ढोसलं की तो गप्प बसला. नूरझादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बाहेर जाऊन लोकांना थांबवणार, तोच गवताच्या कुरणाकडून एसेन धावत आला. त्याने कडी उचलली नाही, फाटकच खांद्याने ढकललं.

इतर सगळे "भावा रे" म्हणत होते. हा म्हणाला, "मायराम! मायराम रे! याच हातांनी माती टाकली तुझ्यावर, परक्यांच्या मुलखात! आणि तोंड शिवून बसलो!"

गाणं मध्येच तुटलं.

कोशोक म्हणणारी बाई गाणं पुरं होईपर्यंत भिंतीकडची मान वळवत नाही. सायराकानने मान वळवली. ती उठली, तंबूच्या दाराशी आली.

"एसेन, काय म्हणालास?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तंबूत बसलेल्या आमच्याकडे, जर्मन बाईकडे, चहाच्या प्याल्यांकडे. "बातमी आली ना, जेंगे?" तो म्हणाला. जेंगे म्हणजे वहिनी. "तुम्ही रडताय ना... म्हणजे आली ना बातमी?"

"नाही," सायराकान म्हणाली. "नूरझादाची परीक्षा चाललीय."

तो तिथे अंगणात बसला आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. परांची बांधताना लाकूड निसटलं, मायरामबेक वरून पडला. ठेकेदाराने सांगितलं, कोणी तोंड उघडलं तर सगळ्यांना हाकलून देईन. गावाबाहेरच्या दफनभूमीच्या कडेला त्यांनी चौघांनी मिळून त्याला पुरलं.

"आणि इतके दिवस?" दिरांपैकी एक ओरडला.

"सांगायला येत होतो," एसेन म्हणाला. "रोज येत होतो. फाटकापर्यंत. कडी उचलायचो आणि आतून चहाचा वास यायचा, आणि... नाही व्हायचं माझ्याच्याने. सोडून द्यायचो."

नवरा मेल्याचं ऐकताना सायराकान खांबासारखी उभी राहिली होती. हे ऐकल्यावर मात्र ती दाराच्या चौकटीला धरून खाली सरकली. "तू होतास?" ती म्हणाली. "कडी तू वाजवायचास? आणि मी रोज तुझ्यासाठी प्याला ओतत होते?"



एसेन आणखी एक गोष्ट म्हणाला. "पडल्यावर तो थोडा वेळ होता. म्हणाला, पोरीचं शिक्षण होईपर्यंत सांगू नकोस, ती शाळा सोडेल." खरं की खोटं, मला आजही ठरवता येत नाही. मरणाऱ्या माणसाचं म्हणणं ऐकायला दुसरं कोण होतं? नूरझादा किटली हातात धरून उभी होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "माझं नाव नका घेऊ तुम्ही."

सायराकान उठली. रुमाल नीट केला. परत तंबूत गेली, भिंतीकडे तोंड करून बसली, आणि जिथे ओळ तुटली होती तिथूनच पुढे गाऊ लागली. आता तिने नाव घेतलं. बाहेरच्या पुरुषांनी हंबरडा फोडून साथ दिली. जेनिशबेकने टोपी काढून मांडीवर ठेवली. किती वेळ चाललं कोण जाणे, जर्मन जोडपं पूर्ण वेळ मान खाली घालून बसलं होतं. गाणं संपल्यावर ती कोणाशी न बोलता स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तेलाचा वास आला. ती बोर्सोक तळत होती आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी मायरामबेकचं नाव घेत होती.

नूरझादा पास झाली. गुण काय द्यायचे हे जेनिशबेकला कळेना, तेव्हा मी म्हणाले पैकीच्या पैकी दे, आणि या वेळी तो माझ्याशी वाद घालायला धजला नाही.

मायरामबेकच्या नावाने वर्षाचं जेवण झालं, त्यानंतर मी नवीन विद्यार्थी घेऊन पुन्हा सारी-बुलाकला गेले. आता ते घर म्हणजे पाहुण्यांचं चांगलं चाललेलं ठिकाण आहे. चादरी पांढऱ्याशुभ्र, टॉवेलच्या घड्या जेनिशबेकने शिकवल्या तशाच. सायराकानमध्ये इतका फरक पडला होता की मी बघतच राहिले. अंगाने भरली होती. माझ्या कोटाला तिने नावं ठेवली, माझ्या विद्यार्थिनीच्या शेवयांना "दोरखंड" म्हणाली. रडायचं ते रडून झालेलं माणूस तसंच असतं, मोकळं.

दिवेलागणीला कडी वाजली आणि एसेन आत आला. आता तो आत येतो. तोरवर नाही, दाराजवळ, चपलांच्या जवळ बसतो. सायराकाननेच त्याला बोलावलं होतं पहिल्या खेपेला. "उभ्याने भूत होऊन फिरतोस त्यापेक्षा बस मेल्या," असं म्हणून. तिने प्याला घेतला, निम्मा चहा ओतला आणि त्याच्या पुढे धरला. नूरझादा उठली. आईच्या हातातला प्याला तिने अलगद काढून घेतला, किटली वाकवली आणि चहा काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही. मग दोन्ही हातांनी, अगदी रीतीप्रमाणे, तो एसेनपुढे ठेवला.

त्याने तो वाफाळता चहा घोट घोट करून संपवला, तोंडावरून हात फिरवला, आणि निघून गेला. सायराकान म्हणाली, हे रोजचंच. रोज ती निम्मा ओतते, रोज मुलगी भरते, आणि रोज तो येतो.

"किती दिवस करणार गं?" तिने मुलीला विचारलं. रागाने नव्हे, थकून. मुलीने रिकामा प्याला उचलला.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक जाडजूड पोरगा, जागा नाही म्हणून, तोरवर जाऊन बसायला लागला. नूरझादा लगबगीने पुढे झाली. पाहुण्यांशी बोलायचा जो आवाज आम्ही शिकवतो, त्या गोड आवाजात म्हणाली, "माफ करा, ती जागा आरक्षित आहे." मग तिने एक प्याला पुसला, निम्मा भरला आणि तिथे ठेवला.

सायराकानने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. परीक्षेच्या दिवशीही मी तिच्या डोळ्यांत ती पाहिली नव्हती. आपण ज्याला गाऊन घराबाहेर काढलं, तो पोरीच्या मानगुटीवर जाऊन बसलाय, हे तिला माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं. आणि त्यावर तिच्याकडे गाणं नव्हतं.

"एजेके," नूरझादा मान वाकडी करून ऐकत म्हणाली, "आत्ता कडी वाजली ना?"

एसेन जाऊन बराच वेळ झाला होता. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. अंगणात कुत्रा झोपला होता.

"वाजली," सायराकान माझ्या आधी म्हणाली, आणि उठून दार उघडायला गेली.